पाठीपुरती गादी

कॉलेजचं शिबिर सिद्धेश्वर धरणाजवळ होतं आणि झोपायचं होतं झाडांना बांधलेल्या झोळ्यांत. झोळीत गारठा खालून लागतो, म्हणून प्रत्येकीनं गादी आणा, असं मॅडमनी बजावलं होतं. सकाळपासून मी मोबाइलवर गाद्याच बघत होते. फुगवायची गादी हवा काढली की पाण्याच्या बाटलीएवढी होते, पण किंमत तीन हजार. फोमची स्वस्त, पण तिची गुंडाळी माझ्या बॅगेपेक्षा मोठी.

"कोणतीच घेऊ नको," बाबा म्हणाले. "पोरीच्या जातीनं झाडाला लटकून झोपायचं? आपल्या घरात असं आजवर कुणी झोपलं न्हाई."

"मग पहिली मी झोपते," मी म्हणाले आणि कपडे बॅगेत भरत राहिले.

बाबांचा आवाज चढला, तशी आजी उठली. तिनं पेटीच्या तळातून एक हातभर लांबीची गोधडी काढली, तिची घडी घातली आणि सरळ माझ्या बॅगेत कोंबली. बॅगेची चेन आरामात लागली.

"एवढीशीच, आजी?"

"पाठीखाली आली की बास. झोळीचीच हाय ती."

मग तिनं बाबांकडं बोट केलं.



"आन् पहिली तू न्हाईस गं. मी कापूस येचायला जायचे, तवा हा दोन वरसं बाभळीला लटकून हिच्यावरच झोपला."