लागणारी गाडी

"मले गाडी लागते," पार्वताबाईनं शोरूमच्या दारातच सांगून टाकलं.

"लागतेच ना काकू! आजकाल गाडी कोणाला लागत नाही?" विक्रेता चंदन खूश होऊन म्हणाला, आणि त्यानं लगेच चहा सांगितला.

तिचा मुलगा कुलदीप फिस्सकन हसला. "भाऊ, लागते म्हंजे उलटी होते मायले. गाडीत बसली का झालं!"

चंदनचा चेहरा पडला. नाशिकचा पोरगा, नुकताच अमरावतीत आलेला. त्याची तरी काय चूक? शोरूममध्ये उभ्या माणसाला त्या वाक्याचा दुसरा अर्थ सुचणार कसा!

पार्वताबाईच्या वरूडच्या घरात मात्र तीस वर्षं तोच एक अर्थ होता. बस, जीप, वऱ्हाडाची गाडी, तिला काही म्हणून सोसलं नाही. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, बुडाखाली पेपर ठेवून झाला. नवऱ्याच्या, नत्थुजीच्या, खिशात एखादवेळी रुमाल नसेल, पण प्लॅस्टिकची पिशवी घडी करून कायम. मग गावाला जाणंच सुटलं. आपली संत्र्याची बाग बरी आणि आपण बरं, असं म्हणून तिनं मनाला लावूनही घेतलं नाही.

पण आता नात झाली होती. लेक पौर्णिमा अकोल्यात जठारपेठेत दिलेली. डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपणही तिकडंच झालं. माय एकदा निघालीही होती, तर अमरावतीतच सलाईन लावून परत न्यावी लागली. "माय आल्याबिगर मी बारसं करत नाही," पौर्णिमा हट्टाला पेटली. पोट्टी हुंकार द्यायला लागली तरी बिननावाची. पार्वताबाई मोबाईलवर नात पाहायची, काचेवर बोट फिरवायची आणि दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं.

म्हणून नत्थुजीनं ठरवलं होतं, बाग यंदा चांगली गेली, आता गाडी घ्यायची ती अशी की पोटातलं पाणी हलू नये. बाप म्हणे इलेक्ट्रिक. "धूर नाही, वास नाही, हादरा नाही." कुलदीप म्हणे पेट्रोल. "आन् बॅटरी बसली तं? बैल जुंपसान का, बाबा?"

वरूडहून अमरावतीला येईपर्यंतच पार्वताबाईच्या दोन पिशव्या झाल्या होत्या. चक्कर मारायला आधी पेट्रोलची काढली. मागची सीट म्हणजे नुसती गादी. पण राजापेठ यायच्या आतच पार्वताबाईनं पदर तोंडाशी नेला. मग इलेक्ट्रिक. आवाज नाही, वास नाही. पुढं बसलेला नत्थुजी सारखा मागं वळून पाहात होता आणि देवाचं नाव घेत होता. राजापेठ गेली. त्याला जरा धीर आला. तेवढ्यात चंदननं ब्रेक दाबला आणि पिशवी उघडावीच लागली.

परत आल्यावर पार्वताबाई शोरूमच्या मागच्या आवारात पायरीवर बसली. तिला रडूच कोसळलं. "काहून माह्यापायी एवढा खटाटोप करून राहिले तुमी? जा, बारसं करून या. माह्या नशिबी नाही ते."

सून प्रणाली पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं सासूकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं.

"आई, ट्रॅक्टरवर तुमाले कधी लागली का हो?"

"ट्रॅक्टरवर काहून लागन व? तो तं मीच चालवतो."

बोलली आणि तिनंही गाडीकडं पाहिलं.

नत्थुजीचा पाय मोडला त्या हंगामात तिनं रीतसर लायसन काढून ट्रॅक्टर हाती घेतला होता. तेव्हापासून बागेतली संत्र्यांची कॅरेटं तीच वाहून आणते. खड्डे आहेत, धूर आहे, हाडं खिळखिळी करणारे हादरे आहेत. उलटी नाही. एवढ्या वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गाडी निघाली की बायामाणसं मागं, हे ठरलेलंच.

"माय? आन् हे गाडी चालवन?" कुलदीप म्हणाला.

"काहून नाही? माहा पाय मोडला तवा ट्रॅक्टर काय तुह्या बापानं चालवला?" नत्थुजी उसळला. बाप आपणच, हे त्याच्या ध्यानात जरा उशिरा आलं.

चंदननं लायसन नीट पाहिलं, त्यावर मोटारही होती, आणि तो तिच्या शेजारी बसला. नत्थुजी न् प्रणाली मागं. पार्वताबाईनं पदर कमरेला खोचला, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. आवारात एक चक्कर झाली, दोन झाल्या. मग गाडी फाटकाबाहेर बडनेरा रोडला लागली.

"काकू, इथून वळवा," चंदन म्हणाला.

तिनं ऐकलंच नाही. रस्ता सरळ होता, काचेतून वारा येत होता, आणि पोट म्हणजे अगदी शांत.

"हा रस्ता कुठी जाते रे बावा?"

"अकोल्याला."

पार्वताबाई हसली. असं तोंडभर हसताना प्रणालीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. "प्रणाली, लाव पौर्णिमेले फोन. म्हनाव, पाळणा बांध. माय स्वतः गाडी घेऊन येऊन राहिली."

चंदननं घाम पुसला. "मग काकू, पेट्रोल की इलेक्ट्रिक?"

"कोन्तीबी दे. चावी तेवढी माह्या हाती दे. मले गाडी लागते!"

"मले बी," जन्मात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसलेला नत्थुजी कण्हला, आणि त्यानं खिशातली पिशवी काढली.