उजवा लागायला लागला

बॉक्सिंगच्या सरावात धाकटीचे आणि तिच्या ताईचे पाय पुन्हा एकमेकांत अडकले आणि धाकटी तोंडावर आपटता आपटता वाचली.

"डावखुरीसमोर हे होणारच," मास्तर म्हणाले. "तुझा डावा पाय पुढे, तिचा उजवा पुढे. दोघींना एकच जागा पाहिजे. तू तुझा पाय तिच्या पायाच्या बाहेर टाक आणि सरळ उजवा ठोसा मार. डावखुरीवर औषध एकच, उजवा."

औषध धाकटीला पाठ होतं, गुण येत नव्हता. कात्रीनं तिला दोनदा हरवलं होतं. कात्री म्हणजे पलीकडच्या क्लबातली डावखुरी. तिचा हात कुठून आला ते लागल्यावरच कळायचं. महिन्याभरानं निवड चाचणीत पुन्हा तीच समोर होती. जिंकेल ती संघात जाणार. हरेल ती घरी, आणि धाकटी हरली तर कायमची घरी, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं.

आधी क्लबात डावखुरं कुणीच नव्हतं. संघटनेकडे सरावाला जोडीदार मागितली, तर तिथल्या खुर्चीतला माणूस म्हणाला, त्यात काय एवढं, आरशासमोर उभी राहा की. या माणसानं आयुष्यात माशी मारली नसेल, आणि खेळाडू निवडणार हाच.

शेवटी ताई आली. लग्नाआधी तीही खेळायची आणि ती डावखुरी होती. लहानपणी ज्या हातावर घरच्यांनी पट्ट्या ओढल्या, त्याच हातासाठी आता सगळे तिच्या दारात उभे. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत मी तुमची, एवढंच ती म्हणाली. डोक्याला घालायचं कवच क्लबात एकच धड होतं. ते धाकटीला मिळालं. लढत तिची होती.

पहिला आठवडा ताईनं तिला धुऊन काढलं. धाकटीचा उजवा निघायच्या आत ताईची मान बाजूला झालेली असायची.

"आधी पत्र पाठवून मग मारतेस का गं?" ती विचारायची, आणि वर एक डावा ठेवून द्यायची.

नवव्या दिवशी एक उजवा बसला. गच्च बसला. ताई मटकन खाली बसली, ग्लोव्ह डोळ्यावर दाबून. धाकटी धावत तिच्याजवळ गेली. पण ताई हसली. आज बिनपत्राची आलीस, म्हणाली, तोंडावर पाणी मारलं आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवसापासून उजवा लागायला लागला.

दहातले सहा, मग आठ. तिसऱ्या आठवड्यात दहाच्या दहा. मास्तर भिंतीवर खडूनं रेघा ओढत आणि येईल त्याला बोलावून दाखवत. शिरलं एकदाचं टाळक्यात, म्हणत. पाय बाहेर, खांदा आत, मूठ सरळ. सगळ्यांचे डोळे धाकटीच्या उजव्या हातावर खिळलेले. धाकटीला वाटायला लागलं, एवढं सोपं होतं तर आपण दोनदा हरलो कशा?

ताईचे दिवस मात्र उलटे फिरले होते. कारखान्यात तिला शिलाईच्या मशीनवरून उठवून कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. डाव्या हातानं शिवणारी बाई बारा वर्षं चालली, आता चालत नाही म्हणे, असं तिनं सांगितलं. धाकटीनं मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी एकदा ताईनं चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला, तर भाऊजी म्हणाले, धाकट्या बहिणीनं मेंदू हलवला वाटतं. सगळे हसले. ताई सगळ्यांत जास्त हसली.

एकदा धाकटीलाच कसंसं झालं. ती म्हणाली, जरा हळू मारते.

"कात्री तुला हळू मारणार आहे?" ताई म्हणाली. "मार गुमान."

लढतीच्या दिवशी कोपऱ्यात मास्तर आणि ताई दोघं होते. धाकटी रिंगणात उतरली ती जिंकल्यासारखीच. खुर्चीतला माणूस पहिल्या रांगेत बिस्किटं खात होता.

तिनं पाय बाहेर टाकला, बरोबर पडला. खांदा बरोबर गेला, मूठ सरळ निघाली. कात्रीचं डोकं जागेवर नव्हतं. तिनं पुन्हा मारला. पुन्हा हवेत. सात उजवे गेले, सातही वाया, आणि प्रत्येकामागून कात्रीचा डावा तिच्या नाकावर. आठव्याला कात्री चक्क हसली.

घंटा झाली. धाकटी स्टुलावर कोसळली. मास्तर तिचं रक्त पुसत तेच तेच बडबडत होते, मारत राहा, लागेल, लागेल. ताईनं पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली.

धाकटीनं बाटली बाजूला सारली. "ताई, काय चुकतंय माझं? तुला तर दहाच्या दहा लागायचे. हिला माझा हात निघायच्या आधी दिसतो."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. काय होऊन बसलंय ते तिलाही आत्ताच उमगत होतं.

"मला नाही दिसायचा," ती म्हणाली. "नवव्या दिवशी तू मारलास ना, तेव्हाच त्या बाजूचा डोळा गेला माझा."