रोल कोणी भरला?

कुंडीतल्या लिलीला वर्षातून एकदाच फूल यायचं, आणि पुढचं फूल म्हातारीच्या नशिबात नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून यंदाचं फूल उमललं तसा म्हाताऱ्याने घरात उरलेला शेवटचा ब्लॅक अँड व्हाइट रोल बाहेर काढला. दोघांचा फोटो स्टुडिओ होता तेव्हा कॅमेऱ्यात रोल भरायचं काम तिचंच. तिने भरलेला रोल भूकंपातसुद्धा हलला नसता! आता बोटं थरथरत होती, तरी तिने कॅमेरा ओढून घेतलाच.

"नीट अडकवलास ना गं? नाहीतर पुढे सरकायचाच नाही, सगळा कोरा निघेल."

"आता मला शिकवा तुम्ही!"

दिवसभर म्हातारा फुलाभोवती भुंग्यासारखा फिरला. संध्याकाळी फूल गळालं, तेव्हा न्हाणीघरात अंधार करून रोल धुवायला बसला. बाहेर आला तो काचेसारखी कोरी फिल्म लोंबकळवत.

"मीच बावळट! लेन्सचं झाकण काढलंच नाही."

"अगं बाई! जन्मभर लोकांची लग्नं टिपलीत आणि माझ्या फुलालाच झाकण?" म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तिने दोन्ही हात हळूच पांघरुणात सरकवले.



फोटो काढताना ते झाकण त्याने तिच्याच हातात धरायला दिलं होतं.