'तारू'ची शेवटची बावीस पानं

शेवटची बावीस पानं राहिली होती. तेजस्वीनं ती जेवणाच्या सुट्टीत वाचून टाकली आणि डबा न खाताच बंद केला.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ती स्टोअर सांभाळायची. घरी अनगोळात तिचे सासरे, जोतिबाआप्पा, तिची वाट बघत बसलेले असायचे. चौतीस वर्षं फाउंड्रीत लोखंड ओतायचे साचे भरलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी शुगरनं त्यांची नजर नेली. आता चहाचा कप कुठं ठेवलाय, हेसुद्धा विचारावं लागायचं.

'तारू' म्हणजे आप्पांचा जीव. चिकोडीकडच्या कांता चौगुले या निवृत्त शिक्षिकेनं लिहिलेली सात भागांची विज्ञानकथा. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यातली दहा माणसं, आणि त्या दहांतलाच, वाट दाखवणारा म्हातारा दाजीबा. पहिले सहा भाग आप्पांनी स्वतः वाचले होते, फाउंड्रीच्या गेटाबाहेर बसची वाट बघत. सहाव्या भागात यानाला आग लागून दाजीबाचे डोळे गेले, तेव्हा आप्पांचे शाबूत होते.

सातवा भाग पाच वर्षांनी आला. फाउंड्रीतला जुना सोबती आण्णाप्पा तो घेऊन एका दुपारी घरी आला. तेजस्वी संध्याकाळी परतली, तेव्हा पुस्तक आप्पांच्या मांडीवर होतं. तू वाचून दाखव, एवढंच ते म्हणाले. तिचा नवरा विक्रम दुसऱ्या पाळीला असायचा. मग भाकऱ्या थापायच्या आधी रोज एक प्रकरण, असा नेमच पडला.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. पूर्वी पुढं काय होणार यावर आप्पा विक्रमशी पैज लावायचे. आता नुसते ऐकत बसायचे. गोळ्या उद्या घेतो म्हणायचे. मागच्या आठवड्यात तर त्यांनी आपलं मनगटी घड्याळ विक्रमला देऊन टाकलं. मला त्याचा काय उपयोग, म्हणाले.

आणि आता ही बावीस पानं. यानातली हवा एका माणसापुरती कमी पडते. सगळे झोपलेले असताना आंधळा दाजीबा भिंतीला हात लावत दारापाशी जातो, दार उघडतो आणि बाहेर पडतो. तारू पुढं निघून जातं. कांताबाईंनी ते इतकं शांतपणे लिहिलं होतं, की तेजस्वीला वाटलं, अकरावं माणूस होऊन आपणच तिथं उभ्या आहोत. शब्द एक जास्त नाही, एक कमी नाही. वाचून झाल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि मग तिला भीती वाटली.

बसमध्ये तिनं बरेच विचार केले. पुस्तक हरवलं म्हणावं, तर आण्णाप्पा दुसरं आणून देणार. आज दमले म्हणावं, तर उद्या आहेच.

संध्याकाळी हातपाय धुऊन ती आप्पांसमोर बसली. दाजीबाचा हात दाराच्या कडीवर पडला, तिथपर्यंतचं कांताबाईंचं होतं. पुढचं ती सुचेल तसं जोडत गेली. पानं उलटायला तेवढी विसरली नाही.

तिच्या गोष्टीत यानावरची सगळ्यात धाकटी मिस्त्री जागी होती. तिनं दाजीबाचं मनगट धरलं. बाकीचे उठले. हवा कशी पुरवायची याचा हिशेब त्यांनी मांडला. प्रत्येकानं रोज काही तास गप्प पडून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, म्हणजे श्वास कमी लागतो. एका माणसाची हवा दहाजणांनी अशी वाटून घेतली. दाजीबा ऐकेना, तेव्हा ती मिस्त्री त्याला म्हणाली, "वाट कोण सांगणार आमाला? जावा, जाग्यावर बसा."

आप्पांनी मान वर केली. "बाईंनी आज आपल्यासारखं बोलणं घातलंय."

"शेवट हाय न्हवं, म्हणून असंल," तेजस्वी म्हणाली आणि तिनं पुस्तक मिटलं.

आप्पांनी पाणी मागितलं. पाण्याबरोबर गोळ्याही मागितल्या.

रविवारी सकाळी त्यांनी तिला कागद-पेन घेऊन बसवलं. कांताबाईंना पत्र लिहायचं होतं. तेजस्वीनं मनाशी ठरवलं, लिहायचं आणि पेटीत टाकायचं नाही. बाईंनी वाचलं तर आपली चोरी उघडी पडेल.

आप्पा सावकाश सांगत गेले. तुमचं पुस्तक हातात असलं की फाउंड्रीची धग लागायची नाही, असं त्यांनी लिहायला लावलं. बायको गेली त्या वर्षी तिसरा भाग आला होता. तेव्हा दाजीबानं मला सांभाळलं, असंही. यानाच्या भट्टीचं वर्णन वाचून फाउंड्रीतले सगळे म्हणायचे, की ह्या बाईनं कधीतरी लोखंड ओतलेलं असणार. तुमच्यासारखं लिहिणारं आपल्या मुलखात दुसरं कोणी नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि तिनं ते दोनदा लिहिलं.

मग ते तिच्याकडं वळले.

"आता लिव. बाई, सातव्या भागाचा शेवट आण्णाप्पानं मला पुस्तक आणलं त्याच दुपारी वाचून दाखवलाता."

तेजस्वीचं पेन कागदावर टेकून राहिलं.

"लिव गं. दाजीबा गेला, ते मला पटलंतं. मीबी तसंच ठरवलंतं. आमच्या घरात तो शेवट मला कसा वाचून दाखवत्यात, तेवढं ऐकायचं राहिलंतं. माझ्या सुनेनं वाचलेला शेवट तुमच्या पुस्तकात न्हाय. पुढच्या छपाईला उपयोगी पडला तर बघा, म्हणून खाली देतोय. मला सगळं ठावं हाय, हे तिला ठावं न्हाय. लिवताना कळंल."