जामीनदाराची सही

गृहकर्जाच्या फाइलमध्ये फक्त जामीनदाराची सही राहिली होती. त्यासाठी नवरा मोठ्या भावापुढे हात जोडून बसलेला पाहून कालिंदीला त्याची किळस आली. आयुष्यभर हा असाच वाकत आला. नुसती गोगलगाय!

दीर पेनाचं टोपण काढत हसले. "सही करतो रे. पण हप्ते थकले, तर बायकोला आमच्याकडे धुण्याभांड्याला पाठव. तेवढीच तिची लायकी."

नवराही आता सवयीनं हसेल, म्हणून तिनं मान फिरवली.

तो हसला नाही. त्यानं भावाच्या हाताखालचा कागद ओढून घेतला. "दादा, तुमच्या सहीचं घर आम्हाला नको."

बाहेर पडल्यावर तो पुटपुटला, "आता जामीनदार कुठून आणायचा?"

"मिळेल," म्हणत कालिंदीनं त्याचा हात भर रस्त्यात घट्ट धरला.