सहा खांब आणि दोन गुडघे

पावसाळा तोंडावर आला, की तोकुजिरो सुतार ओसरीच्या सहाही खांबांपाशी आळीपाळीने फतकल मारून बसायचा. लाकडी हातोडीने बुंध्यावर टकटक करायची, कान लावून आत कुजलंय का ते ऐकायचं आणि मग लाकूड कुजू नये म्हणून काकी नावाच्या कच्च्या फळांचा आंबवलेला रस चोपडायचा, हा त्याचा दरवर्षीचा नेम. त्या वासाने शेजारची मांजरंसुद्धा आठवडाभर फिरकायची नाहीत.

यंदा मात्र त्याच्या बायकोचा, चिझुएचा पारा चढला. "अहो, चाळीस वर्षं या मेल्या खांबांचे पाय जपताय! दमट हवेने माझे गुडघे ठणकतात, त्यांची कधी विचारपूस केलीत?"

तोकुजिरो ओशाळला. हातातलं काम टाकून तो तिच्याजवळ येऊन बसला आणि तिचा पाय अलगद स्वतःच्या मांडीवर घेतला. चिझुएच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उशिरा का होईना, म्हाताऱ्याला उमगलं होतं.



तोकुजिरोने गुडघ्यावर हातोडीने दोनदा टकटक केलं, कान लावला आणि खुशीत म्हणाला, "आवाज भरीव आहे गं! रसाचे दोन हात मारले, की पुढची वीस वर्षं बघायला नको."