आयती पांढरी भिंत

"अगं बया, ही तर आदीच पांढरी हाय!" छबूबाई भिंतीपुढं कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरं लावाया आनलं व्हय आमाला टेम्पोत घालून?"

बायका खिदळल्या. शिर्डीच्या रस्त्यावरच्या त्या नव्या कला संग्रहालयात आज पारनेरकडच्या बायकांचा कार्यक्रम होता. दसऱ्याला घराला पांढऱ्या मातीचा पोतारा देतात ना, तसाच इथल्या अंगणातल्या भिंतीला द्यायचा, आणि शहरातल्या लोकांनी खुर्च्यांवर बसून बघायचा. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या शुभांगी मॅडम त्याला लोककला म्हणत होत्या. बायका त्याला काम म्हणत होत्या. पण जेवण होतं, येताना साईबाबांचं दर्शन होतं, मग नाही कोण म्हणतंय!

रुपाली तेवढी हसली नाही. ती दर्शनाला आली नव्हती आणि जेवायला तर नव्हतीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल इथं आली होती. पोरापोरींनी रंगात हात बुडवून भिंतीवर ठसे उमटवले होते. राजनंदिनीनं घरी आल्या आल्या मोबाईल पुढं धरला होता. "आई, ह्यो निळा माझा. करंगळी बघ की!" लहानपणी दारात चेंगरलेली करंगळी ठशातसुद्धा तशीच वाकडी आली होती. माय-लेकी किती हसल्या होत्या! श्रावणात पोर शेततळ्यावर बादली भरायला गेली, प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय सटकला, आणि संपलं सगळं.

फोटो ढीगभर आहेत हो. पण फोटोतल्या हातावर हात ठेवता येतो का? रुपालीला एकदाच, फक्त एकदाच, लेकीच्या हाताएवढ्या हातावर आपला हात ठेवून बघायचा होता.

पोरीचं वर्ष सरलं नव्हतं. घरात दसऱ्याला पोतारा नाही, दिवाळीला तळण नाही. सकाळी टेम्पोत चढताना जाऊ बोललीच, "घरची भित तशीच अन् लोकाची पोतारायला निगाली." बोलू दे. तिचं काय जातंय बोलायला.

उतरल्याबरोबर रुपालीनं शुभांगी मॅडमना गाठलं होतं. "म्याडम, शाळंच्या पोरांचं हाताचं ठसं कुटं हायेत?"

मॅडमच्या कानाला फोन होता. "दाखवते ना ताई. आधी भिंत होऊ दे, पाहुणे थांबलेत. मग सगळं फिरवून दाखवते."

रुपालीला ते पटलं. संग्रहालयात गेलेली वस्तू कुणी टाकून देत नाही, असं गुरुजींनीच पोरांना सांगितलं होतं. आत कुठंतरी दिवा लावून, पुढं दोरी बांधून जपून ठेवले असतील ठसे.

मग तिनं पदर खोचला आणि पोतेरं बादलीत बुडवलं. लवकर उरकलं की लवकर दिसणार. बाकीच्या गप्पा मारत हात फिरवत होत्या, ही मात्र खालून वर, वरून खाली झपाझप ओढत निघाली. अर्धी भिंत तिनं एकटीनं केली. "अगं, दम खा की जरा," छबूबाई म्हणाली. दम कसला खातेय ती!

भिंत झाली. मॅडमनी माईक घेतला. "मित्रांनो, ही भिंत दरवर्षी नव्या माणसांची असते. मागच्या वर्षी इथं शाळेतल्या मुलांचे हात होते. त्यावर आपण पांढरा रंग दिला, आणि आज या ताईंनी त्यावर..."

रुपालीला पुढचं ऐकू आलं नाही. पोतेरं हातातून गळालं. ती भिंतीला भिडली आणि ओल्या पदरानं पुसायला लागली. माती निघाली. तिच्याखाली रंग होता, तो निघेना. मग नखं लावली. बांगडी काढून तिनं खरवडलं. पांढरं, नुसतं पांढरं. एका जागी टवका उडाला आणि नखाएवढं निळं दिसलं. निळ्यात बुडालेले हात काय एकट्या राजनंदिनीचे होते? ती तरीही त्यावर तळहात दाबून उभी राहिली. तिनं हंबरडा फोडला.

खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. मोबाईल वर झाले. आणि टाळ्या वाजल्या, चांगल्या कडकडून वाजल्या.

"गप बसा की!" छबूबाई ओरडली. "टाळ्या कसल्या वाजवताय, मुडद्यांनो!"

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मॅडमचेही डोळे भरून आले होते. "ताई, हे पुसू नका. एवढी जागा अशीच राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. "खाली नाव लावते. काय लिहू?"

रुपालीनं हात काढला नाही. "राजनंदिनी," ती म्हणाली.

मॅडमनी ते तिचंच नाव समजून सुंदर अक्षरात लिहिलं आणि पुठ्ठा तिच्या हाताखाली चिकटवला.

"किती दिस ऱ्हाईल ह्ये?" रुपालीनं विचारलं.

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत. मग दुसरं गाव येईल ना."

रुपालीनं मनाशी महिने मोजले.

"मंग वर्षसराद व्हईस्तवर हाय," ती म्हणाली आणि वाकून पोतेरं उचललं.